झाडातनं गळतंय ते पाणी, चीक, डिंक की राळ? ओळखायचं कसं आणि मग करायचं काय

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की आमच्या तासगाव भागात मला एक ठरलेला फोन येतो. पहिल्यांदाच बाग धरलेला कुणीतरी पोरगा असतो, आवाज घाबराघुबरा, म्हणतो दादा काडीच्या टोकातनं पाणी ठिबकतंय, सगळी बाग रडतीय, काय मारू. दुसरा फोन उन्हाळ्यात येतो, तो माणूस मात्र खुशीत असतो, घरामागच्या लिंबाला (कडुलिंब नव्हे, लिंबू) बुंध्याशी एवढा छान डिंक आलाय, फोटो टाकलाय बघा म्हणतो. पहिल्याला मी सांगतो बाबा काही मारू नको, घरी जाऊन जेव. दुसऱ्याला सांगतो आज दिवस मावळायच्या आत झाडाच्या बुंध्याशी जाऊन बस आणि साल खरवडून बघ, कारण झाड आजारी आहे. म्हणजे घाबरायला पाहिजे तो खूष आणि ज्याचं काही बिघडलेलं नाही तो रात्रभर जागा. झाडातनं काय गळतंय ते नीट ओळखता येत नाही म्हणून हे होतं, दुसरं काही नाही, आणि ओळखायला काही अवघड नाहीय, म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून काढतोय.

इंग्रजीत लोक सॅप आणि पिच असे दोन शब्द वापरतात आणि त्यातही गोंधळ घालतात. आपल्याकडं तर चांगले चार शब्द आहेत, रस (किंवा सरळ पाणी), चीक, डिंक आणि राळ. चारही वेगळ्या गोष्टी आहेत. पण आपण बोलताना जे चिकट लागेल त्याला चीक म्हणतो आणि जे वाळून कडक झालं त्याला डिंक म्हणतो, तिथंच घोळ होतो.

आधी रस. शाळेत जलवाहिन्या आणि रसवाहिन्या शिकलेलो असतो ना, तेच. जलवाहिन्या लाकडात असतात, मुळानं ओढलेलं पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजं वर पानापर्यंत नेतात. रसवाहिन्या सालीच्या आतल्या बाजूला असतात, पानात तयार झालेली साखर खाली मुळाकडं, फळाकडं, जिथं लागेल तिथं नेतात. दोन्हीतनं जे वाहतं तो रस, इंग्रजीतला सॅप. हा सगळ्या झाडांत असतो, रोज वाहतो, झाड जिवंत असेपर्यंत थांबत नाही. हाताला लावून बघितला तर पाण्यासारखा पातळ लागतो, जलवाहिनीतला जवळजवळ बेचव आणि रसवाहिनीतला गोड. माडाचा फुलोरा कापून जी नीरा काढतात ती रसवाहिनीतली, म्हणून तर ती गोड लागते आणि ऊन चढलं की आंबते, साखर आहे म्हणूनच आंबते. परदेशात मेपलच्या झाडाला भोक पाडून रस काढतात, त्यात साखर इतकी थोडी असते की साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक निघतो.

आता राळ, म्हणजे पिच किंवा रेझिन. ही झाडाच्या रोजच्या वाहतुकीत नसते. चीड म्हणजे पाईनच्या लाकडात आणि सालीत राळेच्या वेगळ्या बारीक नळ्या असतात. साल फुटली, किड्यानं भोक पाडलं, कुऱ्हाड लागली की राळ जखमेवर येते, किड्याला तिथल्या तिथं चिकटवून टाकते, आणि हवेनं तिच्यातलं पातळ तेल उडून गेलं की वर कडक खपली धरते. झाडानं स्वतःच लावलेली मलमपट्टी म्हणा. पाण्यात ती काही केल्या विरघळत नाही, वास उग्र असतो, काडी लावली तर भडकन पेटते. उत्तराखंडात चिडाच्या खोडावर खाचा पाडून खाली भांडं लावून ही राळ गोळा करतात, तिकडं तिला लीसा म्हणतात. ती तापवून वाफ थंड केली की टर्पेंटाईन मिळतं आणि मागं राहते ती पिवळी ठिसूळ राळ. रंगाच्या दुकानातलं खरं टर्पेंटाईन (स्वस्तातलं मिळतं ते बऱ्याचदा पेट्रोलियमचं असतं) आणि सोल्डरिंग करणाऱ्या पोरांकडच्या डबीतला फ्लक्स, दोन्ही एकाच झाडाची लेकरं आहेत.

डिंक वेगळा. बाभूळ, धावडा, शेवगा, कडुलिंब यांना येतो तो. डिंकही जखमेवरच येतो, तोही मलमपट्टीच, पण बनलेला असतो साखरेच्या लांब साखळ्यांचा, त्यामुळं पाण्यात विरघळतो नाहीतर फुगतो. तुपात तळला की लाहीसारखा फुलतो आणि त्याचे लाडू होतात. राळेचे लाडू कुणी केल्याचं ऐकलंय का.

आणि चीक म्हणजे वड, उंबर, रुई, पपई, फणस यांचं दूध. त्याच्याही नळ्या वेगळ्याच असतात, रसाच्या नळ्यांशी त्यांचा संबंध नाही. चीक बहुतेक पांढरा असतो, कापल्या कापल्या टपकन बाहेर येतो आणि वाळला की रबरासारखा ताणला जातो. रबर म्हणजे तरी काय, एका झाडाचा चीकच की.

ओळखायचं कसं ते आता सांगतो. आधी नुसतं बघा, हात नंतर लावा. कुठनं येतंय बघा, छाटलेल्या टोकातनं, सालीच्या भेगेतनं, एखाद्या गोल भोकातनं, का पानावर नुसतं पडलेलं दिसतंय. पांढरं दूध दिसलं तर चीक, पुढं काही तपासायचं नाही आणि ते बोट डोळ्याला लावायचं नाही. रुई, शेर, थोर यांचा चीक डोळ्यात गेला तर खरंच डोळ्याला इजा होते, गेलाच तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्यानं चांगली पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं, घरगुती काही घालत बसायचं नाही. बिनरंगाचं पाणी असेल, बोटावर घेतल्यावर चिकट लागत नसेल आणि वाळल्यावर मागं काही राहत नसेल तर रस. वाळून खडा झाला असेल तर डिंक किंवा राळ, आणि हे दोन बघून पटकन कळत नाहीत, दोन्ही पिवळे तांबूस, दोन्ही काचेसारखे चमकतात. माझे स्वतःचे डोळे यात फसलेत.

म्हणून खड्याला वाटीतली परीक्षा द्यायची. हरभऱ्याएवढा खडा घ्या, अर्ध्या वाटी साध्या पाण्यात टाका आणि रात्रभर ओट्यावर राहू द्या. सकाळी बाभळीचा डिंक विरघळून पाणी दाटसर, बोटाला बुळबुळीत लागेल. शेवग्याचा डिंक पूर्ण विरघळायचा नाही पण फुगून जेलीसारखा होईल. राळ असेल तर तुम्ही टाकली तशीच तळाला पडलेली सापडेल, फार तर वरनं जरा पांढुरकी. मग तोच खडा पुसून, वाळवून थोड्या स्पिरिटमध्ये टाका, राळ असेल तर स्पिरिटमध्ये विरघळायला लागते, डिंक त्यात ढिम्म हलत नाही. तिसरी परीक्षा जाळायची, पण ती स्पिरिटची वाटी आत ठेवून आल्यावर, मोकळ्यात, चिमट्यात धरून. राळ पेटते, काळा धूर सोडते, देवळातल्या धुपासारखा वास येतो. डिंक पेटत नाही, फुगतो, काळा पडतो आणि साखर करपल्यासारखा वास येतो. एकदा करून बघा, वास नाकात बसला की पुन्हा वाटी लागत नाही.

मधलेही काही आहेत, अर्धे डिंक अर्धे राळ. गुग्गुळ, सालईचा धूप, आपला हिंग हे सगळे त्यातले. पाण्यात टाकले की थोडा भाग विरघळतो, थोडा तसाच तरंगतो आणि पाणी दुधाळ होतं. आमटीत घालायच्या आधी खडा हिंग पाण्यात कालवला की पाणी पांढरट होतं ते याच्यामुळंच.

आता द्राक्षाच्या रडण्याबद्दल, कारण सांगली जिल्ह्यात याच्याइतकी झोप दुसऱ्या कशानं उडत नाही. छाटणीनंतर दोन-चार दिवसांनी पहाटे बागेत जाऊन बघा. प्रत्येक काडीच्या कापावर एक थेंब असतो, अगदी स्वच्छ, त्यात मांडवाची तार उलटी दिसते. थेंब मोठा होतो, थरथरतो, खालच्या ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या जाड फांदीवर) पडतो, आणि तुम्ही तिथं उभे असेपर्यंत दुसरा तयार. पाच मिनिटं बघत बसलं तर माणसाला वाटतं हिचं रक्तच चाललंय. पण चाललंय काय, तर मुळं जागी झालीत, जमिनीत ओल आहे, मुळं पाणी वर ढकलतायत, आणि वर ते वापरायला एक पान नाही, सगळी पानं तर आपण छाटून टाकली. मग पाणी जाणार कुठं, कापातनं बाहेर येतं. मुळांचा हा रेटा इतका असतो की स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज माणसानं द्राक्षाच्याच छाटलेल्या खुंटाला काचेची नळी बांधून तो मोजला होता आणि १७२७ मध्ये छापलाही होता. म्हणजे वेल रडतीय हे मुळं चांगली चालतायत याची खूण आहे. काडीवरचे डोळे (कोंब) फुगून पोंगे झाले, पानं उघडली, की पानं पाणी ओढायला लागतात आणि गळणं आपोआप बंद होतं.

यात पहिल्या वर्षी माझे पैसे गेले होते. एका दुकानात गेलो, सांगितलं बाग रडतीय, तिथं दोन बाटल्या हातात दिल्या, मी आणून फवारल्या, आठ दिवसांनी गळायचं थांबलं आणि मी गावभर सांगत सुटलो औषध भारी आहे. ते औषधानं थांबलंच नव्हतं, पोंगे फुटले म्हणून थांबलं होतं. पुढच्या वर्षी काही न फवारता तेवढ्याच दिवसांत थांबलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून विचारेल त्याला सांगतो, गळतीवर खर्च करू नका. एकच गोष्ट सांभाळायची, कापावर किंवा डोळ्यावर काही पेस्ट लावायची असेल तर ती पाणी सुटायच्या आत लावायची, ओल्या कापावर पेस्ट बसत नाही, पाण्याबरोबर खाली उतरते. मोठा ओलांडा कापला असेल आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची, कृती खाली दिलीय) लावायची राहिली असेल तर घाई करू नका, गळती थांबून काप कोरडा पडला की लावा.

आता दुसरा फोन, लिंबाच्या डिंकाचा. इथं मी जरा जास्त बोलणार, कारण आमच्या विहिरीजवळचं लिंबाचं झाड यात गेलं. चौदा-पंधरा वर्षांचं झाड, वर्षभर लिंबं पुरायची, पाहुण्यांना पिशव्या भरून द्यायचो. एका वर्षी बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, डिंकाचे मणी दिसायला लागले. आम्ही पोरं ते काढून वहीची पानं चिकटवायचो. वडलांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, बाभळीला येतो तसा याला आला. आळ्यात पाणी मात्र बुंध्याला टेकून भरलेलं असायचं, विहिरीजवळ असल्यानं पाण्याला तोटा नव्हता. पुढच्या वर्षी पानं पिवळी पडली, शिरा जास्तच पिवळ्या, मग शेंडे वाळले, मग एका बाजूनं फांद्या गेल्या, फळं मात्र त्या वर्षी खच्चून लागली होती. झाड वाळल्यावर बुंध्याजवळची साल हातानं ओढली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली, खाली तपकिरी कुजलेलं आणि कुबट वास. साल चारी बाजूंनी कुजली म्हणजे रसवाहिन्या तुटल्या, पानातली साखर मुळापर्यंत पोचेना, मुळं उपाशी मेली. डिंक दोन वर्षं आधीपासून हेच सांगत होता.

याला डिंक्या म्हणतात. लिंबू, मोसंबी, संत्रा या सगळ्यांना होतो, मातीतल्या फायटोप्थोरा नावाच्या बुरशीनं होतो, आणि ती पाण्यातनं पसरते, म्हणून ज्या झाडाच्या बुंध्याला पाणी लागून राहतं तिथं आधी. बाभळीला अंगावर कुठंतरी चार मणी आले तर आनंद आहे, खुशाल काढून डबीत ठेवा. लिंबाच्या बुंध्याला जमिनीलगत आले तर तो धोक्याचा भोंगा समजा.

करायचं काय, तर आधी बुंध्याशेजारची माती जरा बाजूला करून साल उघडी करा. धारदार चाकू स्पिरिटनं पुसून घ्या आणि डिंकाच्या जागची कुजकी तपकिरी साल खरवडत जा, हिरवट पांढरी निरोगी साल लागेपर्यंत. हात हलका ठेवा, लाकडात खोल जायचं काम नाही. निघालेला कचरा तिथंच टाकू नका, गोळा करून जाळा. मग बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी हे प्रमाण, घरचं एकच झाड असेल तर १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर. मोरचूद अर्ध्या पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा (लोखंडाचं, पत्र्याचं भांडं नको, मोरचूद ते खातं), चुना उरलेल्या अर्ध्या पाण्यात वेगळा विझवून थंड होऊ द्या, वस्त्रगाळ करा, आणि मग दोन्ही एकत्र ओतत काठीनं ढवळत राहा. सुरेख आभाळी रंग येतो. त्यात घासलेला विळा मिनिटभर बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून थोडी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा विळा बुडवा. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा, उद्याला ठेवू नका. ब्रशनं जखमेवर लावा आणि जमिनीपासून दोन-तीन फूट बुंधा सगळा रंगवून काढा. पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस उघडल्यावर एकदा, एवढं दरवर्षी केलं तरी पुष्कळ झाडं वाचतात.

आणि पाण्याची पद्धत बदला, नाहीतर पेस्टचा उपयोग नाही. दुहेरी आळं करा, म्हणजे बुंध्याभोवती मातीचा एक छोटा बांध घालायचा, त्याच्या आत पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि बाहेर फांद्यांच्या घेराखाली दुसरा बांध, पाणी या दोन बांधांच्या मध्ये. पाणी पिणारी बारीक मुळं तशीही बाहेरच्या बाजूलाच जास्त असतात. नवीन मोसंबी लावणार असाल तर रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमं घ्या, जंबेरी लिंबाच्या खुंटापेक्षा तो खुंट डिंक्याला जास्त टिकतो, आणि लावताना कलमाचा जोड मातीत गाडू नका, वीतभर तरी वर दिसला पाहिजे.

आंब्याच्या खोडातनं डिंकासारखं काही यायला लागलं तर खाली भुसा पडलाय का बघा. भुसा आणि गोल भोक असेल तर भिरूड (खोड पोखरणारा किडा) आत शिरलाय. तारेचा हूक करून भोकात घाला, अळी ओढून काढा, भोक साफ करून कीटकनाशकाचा बोळा आत सारा आणि वरनं चिखलानं लिंपा. औषध कुठलं आणि किती ते कृषी सहायकाला विचारून घ्या. भुसा ताजा दिसायचा बंद झाला म्हणजे काम झालं. आणि एखाद्या म्हाताऱ्या झाडाच्या फाट्यातनं आंबूस वासाचं फेसाळ पाणी येत असेल, माश्या घोंघावत असतील, तर तो जुन्या जखमेतला रस जंतूंनी आंबवलाय, त्याला घाबरायचं नाही आणि पूजाही करायची नाही, ती जागा धुऊन मोकळी ठेवायची, भोक सिमेंटनं बुजवायचं नाही.

आंब्याचा विषय निघालाच तर चिकाचं बोलून घेतो. आंब्याच्या देठातनं उडतो तो चीक रुईसारखा नसतो, त्यात राळेचा अंश असतो, तेल असतं, आणि आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले, बिब्ब्यानं अंग उततं हे आपल्याला माहीतच आहे. आंब्याच्या सालीवर हा चीक ओघळला की काळा डाग पडतो आणि तिथनंच फळ सडायला लागतं. म्हणून फळ देठासकट उतरवा, देठ दोन बोटं राहू द्या. नंतर सावलीत देठ कापा आणि फळ लगेच उलटं करून जाळीवर ठेवा, पहिला जोराचा चीक जमिनीवर पडू दे, तोच सगळ्यात तिखट असतो. हाताला लागला तर तिथल्या तिथं साबणानं धुवा.

गाडीचं पण विचारतात लोक. मोहर आला की आंब्याखाली लावलेल्या गाडीवर बारीक चिकट थेंब पडतात, काच धूसर होते, आणि सगळे म्हणतात झाडाचा चीक पडतोय. तो चीक नाही. वर पानाखाली तुडतुडे बसलेत, ते रसवाहिनीत सोंड खुपसून गोड रस पितात, तो रस दाबाखाली असल्यानं त्यांना ओढावाही लागत नाही, आणि जास्तीची साखर ते मागनं टाकून देतात. तोच चिकटा. म्हणजे आहे झाडाचाच रस, किड्याच्या पोटातनं आलेला. पानावर तो साचला की काळी बुरशी धरते. साखर असल्यामुळं गाडी साध्या कोमट पाण्यानं स्वच्छ होते, पण वाळू देऊ नका. आणि उपाय गाडीवर नाही, झाडावर करायचाय, मोहर वाचवायचा असेल तर तुडतुड्याचा बंदोबस्त वेळेत करा.

हात आणि कपडे धुवायचे तेही यावरच ठरतं. डिंक लागला तर कोमट पाणी. राळ लागली तर पाणी लावूच नका, आणखी पसरते. आधी खोबरेल तेल चोळा, सुटली की साबण, कपड्यावर असेल तर स्पिरिटचा बोळा, पण कोपऱ्यात रंग जातोय का बघून. फणस कापताना आईसारखं सुरीला आणि हाताला आधीच गोडंतेल लावा, चीक लागल्यावर तेल शोधत फिरू नका.

आमच्याकडं पाईनचं झाड कुठंय म्हणाल तर झाड नाही पण लाकूड घरोघरी आलंय. मशिनरीच्या खोक्यांचं पाईनचं लाकूड घेऊन सुतार कपाटं, दिवाण करून देतात. एप्रिल-मेच्या उन्हात गाठींमधनं राळ घाम आल्यासारखी बाहेर येते आणि वरच्या ऑईलपेंटला पिवळे डाग पडतात. परत परत पेंट मारून डाग जात नाही. गाठ खरवडा, स्पिरिटनं पुसा, आणि पेंटच्या आधी त्या गाठीवर चपड्याच्या पॉलिशचे दोन हात द्या, मग राळ वर येत नाही. चपडा म्हणजे लाख, तीही झाडाची नव्हे, पळस, बोर, कुसुम यांच्या फांदीवर बसून रस पिणारा बारीक किडा ती राळ स्वतःच्या अंगातनं तयार करतो. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत गेलात तर तानपुऱ्याच्या भोपळ्यावर चपड्याचं पॉलिश कापडाच्या बोळ्यानं चढवताना बघायला मिळतं, बोळा कुठं थांबवत नाहीत, गोल गोल फिरत राहतो, थांबला की डाग. आणि व्हायोलिनवाल्याच्या पेटीत पिवळी काचेसारखी वडी असते ना, बो वर घासायची, ती चिडाची राळ. ती घासल्याशिवाय तारेतनं आवाजच निघत नाही.

मुलांना सांगायला एक चांगली गोष्ट आहे. तृणमणी (इंग्रजीत अ‍ॅम्बर), ज्याच्यात आख्खा किडा अडकलेला दिसतो, तो झाडाच्या रसाचा झाला असं सर्रास सांगतात. रसाचा होऊच शकत नाही, रस म्हणजे पाणी आणि साखर, वाळून जाईल नाहीतर कुजेल. तृणमणी राळेचा होतो. गुजरातेत सुरत जिल्ह्यातल्या लिग्नाइटच्या खाणींत साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीची राळ सापडलीय, आत माश्या, मुंग्या पंखासकट जशाच्या तशा.

आता मला किंवा कुणालाही विचारायचं असेल तर नुसता डिंकाचा जवळनं काढलेला फोटो पाठवू नका, त्यावरनं काही कळत नाही. एक फोटो लांबनं पूर्ण झाडाचा, शेंडा दिसला पाहिजे. एक बुंध्याचा, आळं आणि पाणी कुठपर्यंत येतं ते दिसेल असा. खाली भुसा पडलाय का ते लिहा. आणि रात्रभर वाटीत ठेवलेल्या खड्याचं सकाळी काय झालं ते लिहा, विरघळला, फुगला का तसाच राहिला.